लाइक नाशिकचे, डबा बोईसरचा!

बोईसरमध्ये डब्याचा व्यवसाय आणि जाहिरात अख्ख्या महाराष्ट्राला? मग लाइक नाशिकहून येतील, ऑर्डर कुठून येणार? माझं स्पष्ट मत आहे, डबा पोचतो तेवढ्याच अंतरात जाहिरात फिरवा.

फेसबुकवर ‘बूस्ट’ दाबण्याआधी नकाशात तारापूर एमआयडीसीवर पिन टाका, ५-७ किलोमीटरचं वर्तुळ ठेवा. पालघरला डबा पोचवणं जमत नसेल, तर पालघर बाहेरच राहू द्या. कामगार अनेक राज्यांतले आहेत, म्हणून एक व्हिडिओ मराठीत, एक हिंदीत. मोबाइल उभा धरा. पहिल्या ३ सेकंदांत उघडा डबा, भाव आणि ‘बोईसर’ दिसलंच पाहिजे. बटण व्हॉट्सॲपचं ठेवा.

रोज २०० रुपये, ५ दिवस. वर १८ टक्के जीएसटी धरा. किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी डबा लावला, वहीत लिहा. लाइकने गॅस सिलिंडर येत नाही!