दारातल्या पाण्याला वाट द्या, स्पीकर आपोआप वाचेल



आखाजी झाली, पापड-कुरडया डब्यात गेल्या, की आपल्याकडे पावसाळ्याची तयारी सुरू होते. गच्चीवरची पाणी जायची भोके साफ होतात, धान्य ऊन खाऊन कोठीत जाते. या यादीत गाडीचे दार मात्र कधीच नसते. मग ऑगस्टमध्ये दारातला स्पीकर खरखरायला लागतो. आपण ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि तिथे स्पीकरला मागून पूर्ण झाकणारी फोमची वाटी बसवून मिळते. काही जण तर घरीच प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात. माझे मत विचाराल तर बहुतेक गाड्यांना या दोन्हींची गरज नाही. स्पीकर गुंडाळण्यापेक्षा दारातल्या पाण्याची वाट मोकळी ठेवा. त्याने स्पीकर टिकतो आणि आवाजही जसाच्या तसा राहतो.

त्यासाठी दार आतून कसे असते ते आधी पाहू. काच खाली-वर होते, त्यामुळे तिच्या कडेची रबरपट्टी अगदी घट्ट असू शकत नाही. काचेवरून ओघळणारे थोडे पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच. हा बिघाड नाही. गाडी बनवणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके ठेवलेली असतात. पाणी वरून येते आणि खालून निघून जाते. दाराच्या आतल्या पॅनलमागे प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. तो पाणी आपल्या पायांकडे येऊ देत नाही. स्पीकरचे तोंड या पडद्याच्या कोरड्या बाजूला आणि पाठ ओल्या बाजूला असते. म्हणजे त्याच्या पाठीला थोडा दमटपणा लागणे ठरलेलेच आहे. खरा त्रास होतो तो पाणी आत साचून राहिले तर.

आता आपल्या धुळ्याचे बघा. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून ‘हे कोकणातल्या लोकांचे दुखणे, आपले नाही’ असे वाटते. पण वर्षातले सात-आठ महिने मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांवरची आणि शेतरस्त्यांची धूळ आपल्या गाड्या खातात. ती काचेच्या फटीतून दारात उतरते, तळाशी बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. तो वाळला की भोके बंद. मग पाऊस कमी असला तरी जेवढा पडतो तेवढा दारातच राहतो. दार उघडताना आतून चुळुक-चुळुक आवाज आला तर समजा की भोके बुजली आहेत. साचलेल्या पाण्याने दाराचा पत्रा आतून गंजतो. स्पीकर बदलता येतो, पण गंजलेल्या दाराचे काम खर्चाचे असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेला पूर आला होता. तशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दारात नुसते पाणी नाही, गाळही भरतो. तेव्हा पॅनल उघडून साफ करण्याला पर्याय नसतो.

आता आवाजाचे. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो, तेव्हा पुढच्यासारखीच मागची हवाही हलते. दाराची मोठी पोकळी ही त्याची मागची खोली असते. छोटी बंद वाटी लावली की ती खोली एकदम लहान होते. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी ताठ होते, पडदा मोकळा हलत नाही आणि ढोलकी-तबल्याचा खालचा घुमारा नाहीसा होतो. बंद हवेचा स्प्रिंगसारखा चांगला उपयोगही होतो. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी याच तत्त्वावर बंद पेटीचा स्पीकर बनवला. पण त्यात स्पीकर त्या पेटीसाठीच घडवलेला होता. आपल्या दारातला स्पीकर दाराच्या पोकळीसाठी निवडलेला असतो. शिवाय वाटीत एकदा पाणी शिरले की ते वाटीतच राहते. ज्यापासून वाचवायचे, त्यातच स्पीकर बसवल्यासारखे होते.

याउलट आतला पडदा नीट असेल तर पाणी आणि आवाज दोन्हींचे काम होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात. पडदा फाटला असेल तर स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो, पुढच्या आवाजाला खोडतो आणि घुमारा कमी होतो. म्हणून काच किंवा लॉक दुरुस्तीसाठी पॅनल उघडले तर मेकॅनिकला सांगा, ‘दादा, आतला पडदा फेकू नका, ब्यूटाइल टेपने परत नीट चिकटवा.’ पायाखालचे कार्पेट ओले होत असेल तर हा पडदाच सुटला आहे का ते आधी बघायला लावा.

स्पीकरवर थेट थेंब पडत असतील तर वरच्या बाजूला छोटीशी वळचण पुरते. कंपनीच्या स्पीकरला बऱ्याचदा अशी प्लास्टिकची टोपी असते. नवा स्पीकर बसवताना ती काढून टाकली जाते, म्हणून आधीच सांगून ठेवा. ती नसेल तर फोमच्या वाटीचा फक्त वरचा अर्धा भाग कापून लावता येतो. खालून आणि मागून मात्र मोकळे ठेवायचे. नवा स्पीकर घेणारच असाल तर पॉलिप्रॉपिलीनचा पडदा असलेला घ्या. साध्या कागदी पडद्यासारखा तो ओल शोषत नाही.

रोजच्या काही सवयीही महत्त्वाच्या आहेत. ओली छत्री दाराच्या कप्प्यात खोचू नका, कारण बऱ्याच गाड्यांत स्पीकरची जाळी तिथेच जवळ असते. जाळीवर फवारा मारून पुसू नका, कोरड्या ब्रशने धूळ झटका. गाडी धुताना जोराचा पाइप काचेच्या पट्टीवर धरू नका. स्पीकर भिजल्याची शंका आली तर तो वाळेपर्यंत आवाज बंद ठेवा.

भोके साफ करायला लोखंडी तार वापरू नका. रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. प्लास्टिकची केबल बांधायची पट्टी किंवा झाडूची मऊ काडी चालते. पॅनल मात्र घरी उघडू नका. काही गाड्यांत धडक ओळखणारा सेन्सर दारातच असतो, ते काम जाणकाराचेच.

हे सगळे पावसाआधी करा असे मी म्हणते, त्यामागे आपल्या जयणेचाही विचार आहे. एकदा ओल साचली की तिथे बुरशी धरते, बारीक किडे होतात. मग साफसफाई म्हणजे विराधना. कोरडे असतानाच वाट मोकळी केली तर तो प्रश्नच येत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, वाटी बसवली की झाले. पण वाटीने दारातले पाणी एक थेंबही कमी होत नाही. ते फक्त दिसेनासे होते आणि पत्रा गंजत राहतो.

या रविवारी एवढेच करून बघा. काचेच्या बाहेरच्या पट्टीवर पेलाभर पाणी हळूहळू सोडा आणि दाराच्या खालच्या कडेकडे पाहा. थोड्याच वेळात तिथून थेंब पडू लागले तर दार निरोगी आहे. नाही पडले तर आधी भोके मोकळी करा, दुकानात नंतर जा. आणि चारही दारे तपासा हं, मागची दोन आपण नेहमी विसरतो.