चौरागडच्या पायऱ्या

वाचकहो, जबलपूरला गेल्यावर भेडाघाटचे संगमरवरी कडे आपण पाहताच. हाताशी आणखी दोन दिवस असतील, तर इटारसीच्या गाडीने पिपरियास उतरून पचमढी गाठावी. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड (सुमारे १३५० मीटर) येथेच आहे. तेथवर मोटार जाते. जवळचा चौरागड उंचीने किंचित कमी. परंतु त्याचा माथा गाठावयाचा तर पायांवाचून उपाय नाही.

महादेवाच्या गुहेकडून निघालेली वाट रानातून जाते आणि पुढे सुमारे १३०० पायऱ्या लागतात. महाशिवरात्र जवळ आली होती. विदर्भातील भाविक नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढत होते. माझ्या खांद्यावर केवळ एक पिशवी. पहिल्या शंभर पायऱ्या मी धावतच चढलो. मग छातीचा भाता झाला. परत फिरावे असे वाटू लागले. तोच एक वृद्ध वऱ्हाडी शेतकरी मागून आले. वीस पायऱ्या झाल्या की ते थांबत, श्वास सम झाला की निघत. "भाऊ, पहाडाले घाई नाई चालत," एवढेच बोलून ते पुढे झाले. मी त्यांच्या मागोमाग त्याच चालीने चढलो. माथ्यावर शिवमंदिरापाशी त्रिशुळांचे जणू रानच उभे होते. त्यात त्यांचाही एक मिसळला.

आपण जाल तेव्हा पहाटे निघावे, पाणी जवळ ठेवावे आणि गुडघ्यांचे बळ उतारासाठी राखावे. उतरताना देहाचा भार त्यांनाच झेलावा लागतो. चढताना मात्र पायांनी श्वासाचे ऐकावे.