विश्लेषण : तिजोरी उघडली, तरी जर्मनीचा सरकारवरील विश्वास का आटतोय?

पैशांवरून भांडण झाले आणि जर्मनीतील आधीचे सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये कोसळले. त्यानंतर आलेल्या फ्रीडरिश मेर्झ यांच्या सरकारची गत नेमकी उलटी आहे. सत्ता हाती येण्यापूर्वीच मेर्झ यांनी राज्यघटनेत बदल करून शेकडो अब्ज युरोंच्या कर्जाची वाट मोकळी करून घेतली. तिजोरी उघडली, पण लोकांचा विश्वास काही परतला नाही. रशिया, चीन आणि अमेरिका या तिन्ही बाजूंनी जग बदलत असताना युरोपातील सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेच्या सरकारला घरातच आधार का मिळेनासा झाला आहे?

मेर्झ सरकार कसे स्थापन झाले?

ओलाफ शोल्झ यांचे सरकार सोशल डेमोक्रॅट (एसपीडी), ग्रीन्स आणि फ्री डेमोक्रॅट (एफडीपी) या तीन पक्षांचे होते. करोनाकाळासाठी मंजूर झालेले, पण न वापरलेले ६० अब्ज युरोंचे कर्ज या सरकारने हवामान निधीकडे वळवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि अर्थसंकल्पाला भगदाड पडले. ते कसे बुजवायचे यावरून वर्षभर वाद चालला. अखेर शोल्झ यांनी अर्थमंत्री ख्रिस्तियान लिंडनर यांना बडतर्फ केले आणि आघाडी मोडली.

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी निवडणूक झाली. मतदान ८२.५ टक्के, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणानंतरचे सर्वाधिक. लोक राजकारणाला विटून घरी बसले नव्हते, हे यातून दिसते. त्यांनी मते मात्र जुन्या पक्षांपासून दूर नेली. मेर्झ यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन (सीडीयू) आणि बव्हेरियातील सीएसयू यांच्या युतीला २८.५ टक्के मते मिळाली. पहिला क्रमांक आला, पण युद्धोत्तर इतिहासातील ही त्यांची दुसरी नीचांकी कामगिरी. एसपीडी १६.४ टक्क्यांवर घसरली. अतिउजव्या अल्टरनेटिव्ह फॉर जर्मनीची (एएफडी) मते मात्र दुप्पट होऊन २०.८ टक्क्यांवर गेली.

६३० सदस्यांच्या बुंडेस्टागमध्ये सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी यांचे मिळून ३२८ सदस्य आहेत. बहुमताचा आकडा ३१६. म्हणजे हाताशी जेमतेम १२ जागा. ६ मे २०२५ रोजी चॅन्सेलरपदासाठी मतदान झाले तेव्हा पहिल्या फेरीत मेर्झ यांना ३१० मतेच पडली. आघाडीतील किमान १८ जणांनी त्यांना मत दिले नव्हते. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ३२५ मते मिळवून ते निवडून आले. पण पहिल्या फेरीत पडलेला चॅन्सेलरपदाचा उमेदवार युद्धोत्तर जर्मनीने प्रथमच पाहिला.

विश्वासाला पहिला तडा कुठे गेला?

२००९ मध्ये जर्मनीने राज्यघटनेत 'डेट ब्रेक' ही तरतूद केली. मंदी किंवा आपत्ती वगळता केंद्र सरकारने जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा अधिक नवे कर्ज काढायचे नाही, असा तिचा अर्थ. प्रचारात मेर्झ या तरतुदीचे पाठीराखे होते. तिच्यात तातडीने बदल करण्याची गरज नाही, अशीच त्यांची भूमिका होती.

निकालानंतर काही आठवड्यांतच चित्र पालटले. नव्या सभागृहात एएफडी आणि डावा पक्ष मिळून एकतृतीयांशाहून अधिक जागा होत्या, त्यामुळे घटनादुरुस्ती अडली असती. म्हणून मुदत संपत आलेल्या जुन्या बुंडेस्टागचीच बैठक बोलावण्यात आली. १८ मार्च रोजी ५१२ विरुद्ध २०६ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. जीडीपीच्या एक टक्क्यावरील संरक्षण खर्च कर्जमर्यादेतून वगळला गेला. शिवाय पायाभूत सुविधांसाठी १२ वर्षांत वापरायचा ५०० अब्ज युरोंचा विशेष निधी उभारण्यात आला.

निर्णयामागे कारण होते. फेब्रुवारीत अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी म्युनिकमध्ये युरोपलाच खडे बोल सुनावले होते. महिनाअखेरीस व्हाइट हाऊसमध्ये युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की यांची जाहीर कानउघाडणी झाली. अमेरिकेच्या भरवशावर राहता येणार नाही, हे उघड झाले. अनेक अर्थतज्ज्ञही वर्षानुवर्षे अशा गुंतवणुकीची मागणी करत होते. पण ज्यांनी मेर्झ यांना काटकसरीच्या शब्दावर मत दिले, त्यांच्या दृष्टीने हा शब्द पहिल्याच महिन्यात मोडला. निर्णय देशाच्या गरजेचा होता, पण तो ज्या रीतीने झाला, त्याची किंमत सरकार आजही मोजते आहे.

त्यात विजेच्या कराची भर पडली. सर्वांसाठी वीजकर कमी करू, असे आघाडीच्या करारात लिहिले होते. उन्हाळ्यात ती सवलत उद्योग आणि शेतीपुरतीच ठेवण्यात आली. सरकारने ग्रिड शुल्कात वगैरे अन्य सवलती दिल्या, तरी लक्षात राहिले ते न पाळलेले वचन. शेकडो अब्जांचे कर्ज काढणाऱ्या सरकारकडे आपल्या वीजबिलासाठी पैसे नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ घरोघरी लावला गेला.

अर्थव्यवस्थेचे तीन आधार कसे निखळले?

जर्मनीची भरभराट तीन गोष्टींवर उभी होती. रशियाचा स्वस्त वायू, चीनची बाजारपेठ आणि अमेरिकेचे संरक्षणछत्र.

युक्रेन युद्धापूर्वी जर्मनीच्या वायू आयातीत रशियाचा वाटा निम्म्याहून अधिक होता. २०२२ मध्ये रशियाकडून नळाने येणारा हा पुरवठा थांबला. एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्याही बंद झाल्या. रसायने, पोलाद, काच अशा ऊर्जेवर चालणाऱ्या उद्योगांचे गणित बिघडले.

चीन दोन दशके जर्मन मोटारी आणि यंत्रांचा मोठा गिऱ्हाईक होता. आता विजेवरील मोटारींमध्ये चिनी कंपन्या जर्मनीच्या पुढे आहेत आणि यंत्रनिर्मितीतही स्पर्धक बनल्या आहेत. फोक्सवॅगनने २०३० पर्यंत जर्मनीतील ३५ हजार नोकऱ्या कमी करण्याचा करार कामगार संघटनांशी केला. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३ हजार नोकरकपातीची घोषणा केली. ज्या गावांचा सगळा संसार अशा कारखान्यांभोवती आहे, तेथे ही निव्वळ आकडेवारी राहत नाही.

अमेरिकेच्या बाबतीत दुहेरी फटका बसला. जुलै २०२५ मधील समझोत्यानंतर युरोपीय महासंघाच्या बहुतेक मालावर अमेरिकेत १५ टक्के आयातशुल्क लागू झाले. दुसरीकडे नेटो देशांना २०३५ पर्यंत जीडीपीच्या साडेतीन टक्के थेट संरक्षणावर आणि दीड टक्का संबंधित सुविधांवर खर्च करण्याचे ठरवावे लागले. जर्मनीने साडेतीन टक्क्यांचे उद्दिष्ट २०२९ मध्येच गाठायचे ठरवले आहे. लिथुआनियात पाच हजार जणांची जर्मन ब्रिगेड कायमची तैनात होत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात अशी कायमस्वरूपी तैनाती प्रथमच होते आहे.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे अर्थव्यवस्था आकसली. २०२५ मधील वाढ नाममात्र राहिली.

पैसा असूनही कामे का दिसत नाहीत?

सामान्य नागरिक सरकार जोखतो ते परराष्ट्र धोरणावरून नव्हे. गाडी वेळेवर येते का, पूल शाबूत आहे का, घर मिळते का, कार्यालयात कागद किती दिवसांत हलतो, यावरून. जर्मनीतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या महासंघासाठी २०२५ मध्ये झालेल्या पाहणीत ७३ टक्के लोकांनी सरकारी यंत्रणेला आपली कामे झेपत नाहीत, असे मत नोंदवले.

त्याला अनुभवाचा आधार आहे. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी डॉइश बान ही सरकारी रेल्वे कंपनी 'वेळेवर' धरते. एवढी सवलत घेऊनही २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या ६२.५ टक्के गाड्याच वेळेवर पोहोचल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेन शहरातील कारोला पुलाचा मोठा भाग पहाटे एल्ब नदीत कोसळला. काही मिनिटांपूर्वीच त्यावरून ट्राम गेली होती. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. देशाच्या पश्चिम भागात ए-४५ या महामार्गावरील राहमेडे पूल डिसेंबर २०२१ मध्ये धोकादायक म्हणून बंद करावा लागला आणि पुढची जवळपास चार वर्षे अवजड वाहनांचा लोंढा आसपासच्या गावांतून वाहत राहिला.

पैसा मंजूर होणे आणि पूल उभा राहणे यांच्यात मोठे अंतर आहे. केंद्र, १६ राज्ये आणि स्थानिक संस्था यांच्यात अधिकार वाटलेले आहेत. परवाने, पर्यावरण तपासणी, हरकती, न्यायालय अशी साखळी लांब आहे. अभियंते आणि नियोजनकार कमी, आणि अनेक कार्यालयांचा कारभार अजून कागदावरच. मेर्झ यांनी डिजिटल व्यवहारांसाठी प्रथमच स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले, घरबांधणीचे परवाने लवकर देणारा कायदाही केला. त्याची फळे दिसायला वेळ लागेल. दरम्यान, विशेष निधीतील काही रक्कम नव्या कामांऐवजी नेहमीच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी वापरली जात असल्याची टीका अर्थतज्ज्ञांनी केली आहे. ती खरी ठरली, तर कर्ज वाढेल आणि पूल मात्र तसेच राहतील.

आघाडीत कुरबुरी कशावरून?

जुलै २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयाच्या न्यायाधीशांची निवड ऐनवेळी पुढे ढकलावी लागली. एसपीडीने सुचवलेल्या एका उमेदवाराला सीडीयू-सीएसयूच्या सदस्यांनीच विरोध केला. एरवी सहमतीने, गाजावाजा न होता पार पडणारी ही प्रक्रिया.

त्याहून मोठा पेच निवृत्तिवेतनाचा होता. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या ज्येष्ठांना निवृत्तिवेतन द्यायचे, ही तेथील पद्धत. १९६०च्या आसपास जन्मलेली मोठी पिढी आता निवृत्त होत आहे आणि मागून येणारी पिढी संख्येने लहान आहे. वर्गणी पुरत नाही, म्हणून केंद्र सरकार दरवर्षी १०० अब्ज युरोंहून अधिक रक्कम ओतते. तरीही निवृत्तिवेतनाची पातळी सरासरी वेतनाच्या ४८ टक्क्यांवर २०३१ पर्यंत कायम ठेवण्याचे एसपीडीला दिलेले वचन होते. सीडीयू-सीएसयूच्या १८ तरुण खासदारांनी, याचा बोजा आमच्या पिढीवर पडेल, म्हणत बंडाचा पवित्रा घेतला. बहुमत १२ जागांचे आणि बंडखोर १८. मोठ्या मनधरणीनंतर ५ डिसेंबर रोजी विधेयक मंजूर झाले.

त्याच दिवशी लष्करी सेवेचा नवा कायदाही झाला. सेवा तूर्त ऐच्छिक आहे. पण १८ वर्षांच्या तरुणांना लष्कराची प्रश्नावली भरणे बंधनकारक झाले असून, पुढे टप्प्याटप्प्याने वैद्यकीय तपासणीही होणार आहे. निवृत्तिवेतनाचा भार आणि देशरक्षणाची जबाबदारी एकाच दिवशी एकाच पिढीच्या वाट्याला आली. शाळकरी मुले रस्त्यावर उतरली त्यात नवल नव्हते.

एएफडीला फायदा का होतो?

निर्वासितांच्या प्रश्नावर कठोर झालो की एएफडीचे मतदार परततील, हा मेर्झ यांचा होरा होता. सरकार येताच सीमेवरील तपासणी कडक झाली. २०२५ मध्ये आश्रयासाठी प्रथमच अर्ज करणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या सुमारे निम्म्यावर आली. मात्र एएफडीचा पाठिंबा घटला नाही. जनमत चाचण्यांत हा पक्ष अनेकदा सीडीयू-सीएसयूच्या बरोबरीला किंवा पुढेही गेला.

म्हणजे रोष एका प्रश्नापुरता उरलेला नाही. 'यांच्याकडून काहीच होत नाही' ही भावना पसरली की ती प्रत्येक प्रश्नाला चिकटते. देशांतर्गत गुप्तचर यंत्रणेने मे २०२५ मध्ये एएफडीला 'अतिउजवा' ठरवले, पक्षाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. इतर पक्ष एएफडीशी हातमिळवणी न करण्याच्या भूमिकेवर ठाम आहेत. पण त्यामुळे उरलेल्या, परस्परांशी न पटणाऱ्या पक्षांनाच एकत्र यावे लागते. अशी आघाडी संथ चालते, आणि तिच्या संथपणावर एएफडी वाढते. या चक्रातून बाहेर कसे पडायचे, हा खरा पेच आहे.

भारताशी आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

मेर्झ जानेवारी २०२६ मध्ये अहमदाबाद आणि बेंगळूरुला येऊन गेले. चीन आणि अमेरिकेवरील अवलंबित्व कमी करायचे तर भारतासारखी बाजारपेठ आणि मनुष्यबळ जर्मनीला हवे आहे. चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे, तर नाशिकमध्ये बॉशचे कारखाने आहेत. त्यामुळे जर्मन उद्योगाची प्रकृती हा पुणे-नाशिक पट्ट्याच्याही जिव्हाळ्याचा विषय ठरतो.

भारतीय कुशल कामगारांसाठीची व्हिसामर्यादा जर्मनीने २०२४ मध्ये वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पण तेथे जाणाऱ्या परिचारिकेला वा तंत्रज्ञालाही पदवीला मान्यता मिळवण्यासाठी त्याच संथ कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. जर्मनीला हात हवे आहेत आणि एएफडीचे राजकारण नेमके त्या हातांनाच विरोध करते.

पुढे काय?

यंदा जर्मनीत पाच राज्यांच्या निवडणुका आहेत. सर्वाधिक लक्ष ६ सप्टेंबरला मतदान होणाऱ्या पूर्वेकडील झाक्सन-अनहाल्टवर आहे. तेथे चाचण्यांत एएफडी ४० टक्क्यांच्या आसपास आहे. पाच टक्क्यांचा उंबरठा न ओलांडणाऱ्या पक्षांची मते वाया जातात, त्यामुळे इतक्या मतांतही बहुमत आवाक्यात येऊ शकते. तसे झाल्यास एएफडीला पहिला मुख्यमंत्री मिळेल.

मेर्झ यांच्याकडे २०२९ पर्यंत वेळ आहे, असे कागदावर दिसते. निधी मंजूर आहे, सैन्य उभारणी सुरू आहे, सुधारणांच्या समित्या बसल्या आहेत. पण निवृत्तिवेतनात काटछाट, वाढीव वर्गणी, लष्करी सेवा असे त्याग लोकांकडून मागायचे, तर आधी त्यांना सरकारवर भरवसा वाटायला हवा. तो मिळवण्यासाठी मोठ्या घोषणांपेक्षा वेळेवर सुटणारी गाडी आणि पाळलेले छोटे वचन अधिक उपयोगी पडेल. ५०० अब्ज युरोंतून पहिल्या दोन-तीन वर्षांत लोकांना डोळ्यांनी दिसेल असे किती उभे राहते, यावर या सरकारचे आणि जर्मनीतील मध्यममार्गी राजकारणाचेही भवितव्य ठरेल.