मुदत संपलेले नाव



या आठवड्यात आमच्याकडे दोन पत्रे आली आणि दोन्ही एकाच विषयाची निघाली. एक दौंडच्या रेल्वे वसाहतीतील मंडळाच्या सचिवांचे. दुसरे शिरूरहून, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या एका तरुणाचे.

दौंडकरांचे म्हणणे असे. मंडळाने वर्गणी काढून काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर आपल्या नावाचे पान सुरू केले. एक जानेवारीच्या मानवंदनेसाठी सोलापूर, अहिल्यानगर, मनमाडकडून रेल्वेने येणारा पुष्कळ समाज दौंडला उतरतो. त्याने पुढे चौफुला, न्हावरे, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर असे करीत कोरेगाव कसे गाठावे, पाणी कोठे मिळेल, म्हाताऱ्या माणसांनी रात्री कोठे टेकावे, ही माहिती त्या पानावर असे. पानाचा पत्ता दिनदर्शिकेवर छापला, वंदनेच्या पुस्तिकेवर छापला, कोणी कोणी हौसेने मंगल परिणयाच्या पत्रिकेवरही घातला. आता तोच पत्ता मोबाईलवर टाकला की जुगाराची जाहिरात उघडते. वस्तीतल्या आयाबाया विचारतात, मंडळाने हा कसला धंदा काढला?

शिरूरच्या तरुणाचा प्रश्न उलट्या दिशेचा आहे. इंटरनेटवरची मुदत संपलेली नावे स्वस्तात मिळतात आणि पुढे महाग विकता येतात असे त्याने ऐकले आहे. आपण नवशिके आहोत, सुरुवात कोठून करावी, असे तो विचारतो. त्याच्या मनात एक नावही आहे, गावातल्या बंद पडलेल्या एका शिकवणीवर्गाचे.

म्हणजे एकाचे गेले आहे आणि दुसऱ्याला घ्यायचे आहे. दोघांना एकत्रच उत्तर देतो, कारण दौंडचे नाव ज्या वाटेने गेले त्याच वाटेने शिरूरच्या तरुणाला जायचे आहे.

इंटरनेटवरच्या नावाला डोमेन म्हणतात. ते विकत मिळते असे आपण म्हणतो, पण ते खरे नाही. ते वर्षाच्या बोलीवर मिळते, एका वेळी फार तर १० वर्षांपर्यंत. ते इनाम नाही, वतन नाही. पैसे भरणे थांबले की हक्क थांबला, मग त्या नावामागे तुमची किती पिढ्यांची सेवा आहे हे कोणी पाहत नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांचे नियम आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. आपल्या देशाचे डॉट इन हे निक्सी ही २००३ साली स्थापन झालेली संस्था सांभाळते. आपला व्यवहार मात्र मधल्या कंपनीशी होतो. तिला रजिस्ट्रार म्हणतात.

मुदत संपली त्याच रात्री नाव बाजारात येत नाही, हे नवशिक्याने आधी समजून घ्यावे. डॉट कॉमचा हिशेब असा आहे. मुदतीनंतर ४५ दिवसांपर्यंत रजिस्ट्रार ते नाव जुन्या मालकासाठी राखून ठेवू शकतो. या काळात नेहमीच्या दरात नाव परत चालू होते, पण किती दिवस थांबायचे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्यानंतर नाव खोडले गेले तर आणखी ३० दिवस मिळतात. यात जुना मालकच ते सोडवू शकतो, पण दंड भरून, आणि तो दंड काही हजारांत जातो. सावकाराकडून भांडे सोडवावे तसे. शेवटचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही. मग नाव मोकळे होते, पहिला येईल त्याचे. सगळे मिळून सुमारे ८० दिवस झाले. डॉट इनची रीतही याच घाटाची आहे, दिवस तेवढे आपल्या कंपनीकडून विचारून घ्यावेत.

आता यातली मेख. चांगले नाव त्या शेवटच्या दिवसापर्यंत बहुधा पोहोचतच नाही. मुदत संपून महिनाभर झाला की पुष्कळ कंपन्या ते नाव खोडण्याऐवजी स्वतःच लिलावात काढतात. जुन्या मालकाने तोपर्यंत पैसे भरले नाहीत तर बोली जिंकणाऱ्याला ते मिळते. म्हणून जो भाबडेपणाने ८० दिवस मोजत बसतो त्याच्या हाती काही लागत नाही. आणि जी खरोखर मोकळी होतात त्यांच्यावर मोठ्या कंपन्यांची यंत्रे टपलेली असतात. क्षणाच्या आत नोंद होऊन जाते. तिथे माणसाच्या बोटाचे काम नाही. त्यासाठी बॅकऑर्डर नावाची सोय असते, म्हणजे आधीच मागणी नोंदवून ठेवायची आणि कंपनीने आपल्यासाठी झडप घालायची. मागणी नोंदवणारे दोन निघाले तर पुन्हा लिलाव.

तेव्हा शिरूरच्या आमच्या तरुण मित्रा, स्वस्तात मिळते ते बहुतेक वेळा कोणालाच नको असलेले असते. साध्या नव्या नावाला वर्षाला हजार-दीड हजारांच्या आसपास लागतात. पहिले वर्ष कमी दरात देऊन दुसऱ्या वर्षापासून खरा दर लावायची चालही बाजारात आहे. अशी वीस नावे घेऊन ठेवलीस आणि एकही विकले गेले नाही, तर वर्षाला वीस-तीस हजार गेले. कंत्राटी कामगाराच्या पगारात तो खड्डा लहान नाही. हा धंदा करून घर चालवणारे लोक आहेत, नाही असे नाही. पण ज्याची गाठीला पुंजी आहे आणि जो पाच वर्षे थांबू शकतो त्याचा तो खेळ आहे.

घ्यायचेच झाले तर आधी त्या नावाची पूर्वपीठिका काढ. मुलीला स्थळ पाहताना आपण घराण्याची चौकशी करतो की नाही? इंटरनेट अर्काइव्ह नावाची संस्था १९९६ पासून जगभरची पाने साठवून ठेवते. तिच्या वेबॅक मशीनवर नाव टाकले की त्या पत्त्यावर कोणत्या साली काय होते हे पुष्कळदा दिसते. मध्येच जुगार, बनावट औषधे किंवा अश्लील मजकूर चालला असेल तर त्या नावाला हात लावू नकोस. तो डाग पुसायला वर्षे जातात.

दौंडचे नाव कसे गेले? सचिवांनी पाठवलेल्या कागदांवरून ते स्पष्ट दिसते. नाव मंडळाच्या नावावर कधी नव्हतेच. ज्या पोराने पान बनवून दिले त्याने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ई-मेलवर नोंदणी केली. पोरगा नोकरीसाठी परगावी गेला, तो ई-मेल उघडणे त्याने सोडले. मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर ५ दिवसांत सूचना पाठवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. त्या सूचना गेल्या असतील, पण कोणाच्या घरी? सातबारा दुसऱ्याच्या नावाचा आणि राबणारे आपण, हा अनुभव आपल्या बापजाद्यांना होता. नव्या जमान्यात तो पुन्हा घ्यायचे कारण नाही. त्या पोराला दोष देऊन उपयोग नाही. मंडळाच्या ठराव वहीत सभागृहाच्या भाड्याची नोंद आहे, भांड्यांची नोंद आहे, नावाची एक ओळ नाही.

मोठ्यांचेही असे होते. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या एका महत्त्वाच्या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेल वापरणाऱ्या कित्येकांना आपली पत्रे उघडता येईनात. अमेरिकेतल्या मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने नाताळात स्वतःच्या कार्डावरून ते पैसे भरून टाकले. कंपनीचे नाव कंपनीलाच राहू दिले, हे विशेष.

यावरून मूळ प्रश्नाकडे येतो. सुटलेले नाव घेणे अदिन्नादानात बसते का? पंचशीलातले दुसरे शील न दिलेली वस्तू घेऊ नये असे सांगते. आमचे मत असे आहे की मालक खरोखर निघून गेला असेल, ८० दिवस सांगूनही फिरकला नसेल, तर नाव घेण्यात चोरी नाही. प्रश्न पुढे आहे. आपण नाव घेतो की त्या नावावरचा लोकांचा विश्वास घेतो? बंद पडलेल्या शिकवणीवर्गाचे नाव घेऊन पालकांना तो वर्ग पुन्हा सुरू झाल्याचे भासवले तर ते मुसावादही झाले. शिवाय नावाबरोबर टपालही येते. जुन्या पत्त्यावरच्या ई-मेलला कोणी काही पाठवले की ते नव्या मालकाच्या हाती पडू शकते, त्यात मुलांचे दाखले असतील, बँकेच्या सूचना असतील. ते उघडून पाहणे आम्हाला कोणत्याही अर्थाने सम्यक आजीविका वाटत नाही.

बाबासाहेबांच्या पत्रांची नावे आठवा. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाले आणि १९२३ साली बंद पडले. ‘प्रबुद्ध भारत’ हे नाव ४ फेब्रुवारी १९५६ पासूनचे. २०१७ मध्ये प्रकाश आंबेडकरांनी ‘प्रबुद्ध भारत’ पुन्हा काढले. २०२१ मध्ये दिल्लीच्या पत्रकार मीना कोटवाल यांनी ‘मूकनायक’च्या नावाने इंटरनेटवर बातम्या देणे सुरू केले. तेव्हा आपल्या माणसांना राग आला नाही, आनंद झाला, कारण नावाबरोबर त्यांनी कामही उचलले.

कायदाही या बाबतीत अगदी आंधळा नाही. मुंबईच्या रेडिफ कंपनीच्या नावातले एकच अक्षर बदलून ‘रॅडिफ’ असे डोमेन कोणी घेतले, तेव्हा १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण आहे असे मानले. डॉट इनच्या तंट्यांसाठी निक्सीची लवादाची व्यवस्था आहे. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: ते नाव आपल्या हक्काच्या नावासारखे आहे, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याची नियत खोटी आहे. मात्र लवादाला फी पडते आणि ती वस्तीच्या वर्गणीला झेपेलच असे नाही.

म्हणून दौंडच्या मंडळाला आमचा सल्ला असा. आधी दुसरे नाव घ्या, मंडळाच्या नावाने, मंडळाच्या ई-मेलवर, आणि सचिव व खजिनदार दोघांचे मोबाईल क्रमांक लिहून. एकदम पाच वर्षांचे पैसे भरा आणि मुदतीची तारीख ठराव वहीत घाला. पाहिजे तर देवनागरीतले डॉट भारतही मिळते, २०१४ पासून ती सोय आहे. पण आपल्या म्हाताऱ्यांना मोबाईलवर ते टाकणे सोपे जाते का हे आधी दोघा-चौघांच्या हातात देऊन पाहा. जुन्या पानावर मंडळाच्या नावाने कोणी दान मागत असेल, तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा, वाट पाहू नका.

आणि जुन्या नावावर नजर ठेवा. नोंदणीची माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते. मालकाचे नाव हल्ली बहुधा झाकलेले असते, पण मुदत कधी संपते ती तारीख दिसते. जुगारवाले पुष्कळदा वर्ष-दोन वर्षे नाव पिळून सोडून देतात. तसे झाले तर लिलावाची वेळ यायच्या आधीच बॅकऑर्डर नोंदवून ठेवावी. डागाळलेल्या नावाला हात लावू नये असे आम्ही वर म्हटले, पण ते धंद्यासाठी. तुमचा पत्ता शेकडो घरांतल्या पुस्तिकांवर छापलेला आहे, त्या घरांसाठी हे नाव परत यायला हवे. परत आले तर त्यावर नव्या पत्त्याची एक ओळ आणि मार्गाचा नकाशा एवढेच ठेवा.

हे काम दौंडच्या मंडळाला जड वाटत असेल तर शिरूरच्या तरुणाने ते अंगावर घ्यावे. त्याला शिकायचे आहे आणि शिकण्यासाठी यापेक्षा बरे नाव त्याला मिळणार नाही. दोघांची परवानगी आली की आम्ही एकमेकांचे फोन क्रमांक कळवू. तोवर मंडळाने चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या छापून घ्याव्यात आणि नवा पत्ता दौंडच्या फलाटाबाहेर, चौफुल्याला व शिक्रापूरला ठळक लावावा. एक जानेवारीच्या आधी, कारण समाज आदल्या दिवशीच निघतो.