वाटाड्या यंत्र आणि देवाचे दार

'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. नदीला जेथे उतार असतो, जेथून माणूस सुखरूप पैलतीराला जातो, ती जागा म्हणजे तीर्थ. परंतु उतार नुसता असून भागत नाही. परक्या माणसाला तो कोणी तरी दाखवावा लागतो. म्हणून तीर्थाइतकाच तीर्थाचा वाटाड्याही जुना आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, क्षेत्रोक्षेत्रींची माहात्म्ये, पंढरीच्या वाटेवरील दिंड्या ही सारी वाट दाखविणारीच साधने होत. आषाढीच्या या पर्वकाळी वाटाड्याचा विचार करण्याचे कारण असे की, जगात अलीकडे एक नवा वाटाड्या उभा राहिला आहे. त्याचे नाव कृत्रिम बुद्धिमत्ता. देवाच्या दाराशी त्याची गाठ कशी पडते हे पाहावयाचे, तर प्रथम पाश्चात्त्य देशांतील चर्चकडे वळले पाहिजे.

अमेरिकेतील स्थिती पाहा. गॅलप या लोकमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार १९९९ साली तेथील ७० टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या प्रार्थनास्थळाची सभासद होती. २०२० साली हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. प्यू संस्थेच्या पाहणीत स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे २००७ साली ७८ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ६२ टक्के भरले. या आकड्यांचा अर्थ देव आटला असा आम्ही लावीत नाही. घरात परंपरा असली की वाट विचारावी लागत नाही. आजोबांचे बोट धरून नातू देवळात जातो. ते बोट सुटले की माणसाला वाट परक्याला विचारावी लागते. नोकरीसाठी नव्या गावी आलेले कुटुंब, जोडीदाराच्या मृत्यूने एकटा पडलेला वृद्ध, व्यसनातून सुटू पाहणारा तरुण, असे लोक शनिवारी रात्री यंत्रापुढे बसून विचारतात, उद्या मी कोठे जावे?

यादी गेली, उत्तर आले

पूर्वी शोधयंत्रात दोन शब्द घालावयाचे, उत्तरादाखल दहा-वीस ठिकाणांची यादी यावयाची आणि निवड माणसाने करावयाची, असा क्रम होता. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले. गूगलने मे २०२४ पासून अमेरिकेत आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून भारतात, शोधाच्या माथ्यावर यंत्राने रचलेले उत्तर देण्यास आरंभ केला. आता माणूस सबंध वाक्यात मन मोकळे करतो : 'आम्ही येथे नवे आहोत, दोन लहान मुले आहेत, आईला चाकाच्या खुर्चीतून न्यावे लागते, फार गाजावाजा नको; रविवारी कोणत्या चर्चमध्ये जावे?' यंत्र संकेतस्थळे, नकाशावरील नोंदी आणि लोकांचे अभिप्राय धुंडाळून दोन-तीन नावे सांगते. ज्याचे नाव त्यात आले नाही, ते चर्च शेजारच्या गल्लीत असले तरी त्या माणसापुरते नाहीसे झाले.

हे ओळखून तेथील चर्च-मंडळींना जी कामे सांगितली जात आहेत, ती फार साधी आहेत. उपासनेची वेळ नुसत्या चित्रफलकावर न ठेवता स्पष्ट अक्षरांत लिहावी. नाव, पत्ता आणि दूरध्वनी सर्व ठिकाणी एकसारखे असावेत. नावापुढे गावाचे नाव घालावे. कारण 'फर्स्ट बाप्टिस्ट चर्च' हे नाव तेथे शहरोशहरी आढळते, जशी आपल्याकडे गावोगाव मारुतीची देवळे. खुर्ची जाण्याजोगा उतार आहे काय, मुलांची सोय काय, उपासना कोणत्या भाषेत चालते, नवख्याने कोणाला भेटावे, हे आधीच सांगून ठेवावे. यंत्रांना पान समजावे यासाठी गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ साली 'स्कीमा' नावाची सामाईक शब्दावली सुरू केली. तीत चर्च, मशीद, सिनेगॉग आणि बौद्ध मंदिर यांच्या पंक्तीला हिंदू मंदिरासाठीही स्वतंत्र संज्ञा आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. इंग्लंडच्या चर्चने तर 'अ चर्च निअर यू' या नावाने आपल्या सुमारे सोळा हजार चर्चची एक राष्ट्रीय सूची ठेवली आहे. तीत आपल्या चर्चची नोंद स्थानिक मंडळींनीच अद्ययावत करावयाची असते. २०१८ साली ही सूची ॲलेक्सा या बोलत्या यंत्राला जोडण्यात आली.

आप्त कोण?

आता शास्त्राची एक कसोटी लावू. न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानले. परंतु वाटेल त्याचा शब्द प्रमाण नव्हे. आप्ताचा शब्द प्रमाण. ज्याने वस्तू यथार्थ जाणली आहे आणि ती जशी आहे तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. या लक्षणात यंत्र बसत नाही. त्याने ते चर्च पाहिलेले नाही, त्याच्या दारात ते उभे राहिलेले नाही, आणि विचारणाऱ्याचे हित व्हावे अशी कळकळ त्याच्या ठायी असण्याचा संभव नाही. इतरांनी लिहिलेल्या शब्दांवरून ते उत्तर जुळविते. मूळ शब्द खरा असला तर उत्तर खरे उतरण्याचा संभव. मूळ शब्द जुना, अर्धवट वा खोटा असला, तर तोच दोष ते ठाम आवाजात बोलून दाखवील.

ईस्टरचेच उदाहरण घ्या. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी हा सण येतो, असा त्याचा स्थूल नियम. त्यामुळे पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर २०२४ साली ३१ मार्चला, २०२५ साली २० एप्रिलला, तर २०२६ साली ५ एप्रिलला आला. ऑर्थोडॉक्स पंथ जुने गणित पाळतो. त्याचा ईस्टर २०२४ मध्ये ५ मे रोजी, तर २०२६ मध्ये १२ एप्रिल रोजी आला. २०२५ मध्ये मात्र दोन्ही एकाच दिवशी जुळले. ज्या घरात स्मार्त आणि भागवत एकादशीचा भेद कळतो, तेथे हे अधिक फोड करून सांगावयास नको. आपली आषाढीही २०२५ साली ६ जुलैला होती, आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैवर गेली. चर्चने आपल्या पानावर गतवर्षीचीच वेळ राहू दिली, तर यंत्र तीच सांगणार. शोकाकुल माणूस धीर करून येतो आणि त्याला कुलूपबंद दार दिसते. असा माणूस दुसऱ्यांदा येईलच, याची हमी कोणी द्यावी? चार ओळी दुरुस्त करण्याचा आळस एका जिवाला देवाच्या दारातून परत पाठवितो. या सबंध प्रश्नातील खरी जोखीम हीच आहे.

दुसरा धोका बाजाराचा. यंत्राच्या उत्तरात तुमचे नाव आणून देतो, असे म्हणणाऱ्या सल्लागारांचा एक नवा धंदाच उभा राहिला आहे. वस्तुतः गूगलने स्वतः सांगितले आहे की, या उत्तरांत येण्यासाठी निराळी खूण वा निराळी क्लृप्ती लागत नाही. शोधाचे नेहमीचे नियमच पुरतात. तथापि ज्यांच्यापाशी द्रव्य आहे ते पानेच्या पाने लिहवून घेतील, आणि पन्नास माणसांचे, परंतु प्रेमाने नांदणारे खेड्यातील चर्च मागे पडेल. शिवाय उत्तर लहान झाले की भेदही पुसले जातात. कॅथलिक, लुथरन, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल यांच्या उपासनेत जे अंतर आहे, ते 'आल्हाददायक वातावरण' अशा गुळमुळीत शब्दांत बुडून जाते. म्हणून प्रत्येकाने आपण कोण आहोत हे निःसंकोच सांगावे, आणि नाही ते मुळीच सांगू नये.

आमच्या दाराशी

कोणी म्हणेल, सणाच्या दिवशी परधर्मीयांच्या खटाटोपाची ही चर्चा कशाला? उत्तर सोपे आहे. तेच यंत्र आपल्या देवळांविषयीही बोलू लागले आहे. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातील गणेशमंदिर १९७७ सालापासून भाविकांना आधार देत आहे. आज तिकडे नव्याने गेलेला आपला मुलगा त्याची वाट या यंत्रालाच विचारणार. इकडे प्रथमच पंढरीस येणारे दांपत्यही दर्शनाची वेळ आणि भक्तनिवासाची चौकशी त्यालाच करणार. येथे तर चुकीच्या वेळेहून मोठे संकट आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने, केदारनाथ आणि चारधामच्या यात्रेकरूंना खोट्या संकेतस्थळांवरून होणाऱ्या फसवणुकीविषयी सावध केले. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. जेथे देवस्थान स्वतः बोलत नाही, तेथे भामटा त्याच्या नावाने बोलतो, आणि यंत्राला दोघांचे आवाज नेहमीच ओळखता येतात असे नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. चातुर्मासाचे नेम आपण आज घेतोच. त्यांत एक नेम असा घालावा. घरातील मुलांना हाताशी घ्यावे आणि आपल्या गावच्या देवळाची वेळ, वार्षिक उत्सवाची तिथी, पुजाऱ्यांचा वा विश्वस्तांचा दूरध्वनी आणि वृद्धांसाठी असलेली सोय नकाशावर आणि संकेतस्थळावर बरोबर नोंदली आहे की नाही, हे तपासावे. चूक असल्यास विश्वस्तांच्या कानी घालून ती दुरुस्त करून घ्यावी. पंचांग बदलले की दरवर्षी नोंदही बदलावी. आणि देवळात एक माणूस असा नेमावा की, जो अनोळखी चेहरा दिसताच पुढे होऊन 'माउली, कोठून आलात?' असे विचारील आणि पाण्याचा तांब्या पुढे करील. यंत्राने दारापर्यंत आणून सोडलेल्या माणसाला आत नेण्याचे काम त्याचे. ते यंत्रावर सोपवून चालणार नाही. पांडुरंग आपणा सर्वांकडून ही सेवा करून घेवो.