‘शक्ती’ जागवणारे हात

मद्रास आयआयटीच्या ‘शक्ती’ प्रोसेसरची चिप २०१८ मध्ये चंडीगडजवळ घडली, तेव्हा तिचे यथोचित कौतुक झाले. परंतु कार्यप्रणालीवाचून चिप मुकीच! फ्रीआरटीओएससारखी चिमुकली कार्यप्रणाली नव्या प्रोसेसरवर उतरवताना तिचा सी भाषेतील बहुतेक भाग जसाच्या तसा चालतो. कस लागतो तो असेम्ब्लीतील मोजक्या ओळींत. टायमरच्या ठोक्यासरशी एक काम थांबवून दुसरे हाती घेताना रजिस्टरांतील मूल्ये जपावी आणि परतताना अचूक भरावी लागतात. एखादे जरी चुकले, तरी यंत्र केव्हा दगा देईल, याचा नेम नाही. असले काम मिरवता येत नाही. म्हणून अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिकडे फिरकत नसतील, तर दोष त्यांचा नव्हे. स्वदेशी चिपच्या सत्कारसमारंभात या मंडळींसाठी किती खुर्च्या असतात?