यंत्राने कोठे थांबावे?

युनिक्स पद्धतीच्या संगणकावर आज्ञा लिहून काम करणाऱ्याला एक सोय सतत हाताशी असते. फाईलच्या नावाचा आरंभ लिहून टॅबची कळ दाबली की उरलेले नाव शेल स्वतः पुरे करते. वरवर पाहता हा बोटांचे श्रम वाचवण्याचा प्रकार. परंतु अपुऱ्या शब्दाची पूर्ती कशाच्या आधारे आणि कोठवर करावी, हा प्रश्न मुळात पाठचिकित्सेचा आहे. म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेणे अगत्याचे वाटते.

या सोयीचे मूळ टेनेक्स या कार्यप्रणालीत आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केन ग्रीअर यांनी ती कल्पना युनिक्सच्या सी-शेलसाठी घेतली. त्यातून आलेल्या टीसी-शेलच्या नावातील ‘टी’ टेनेक्सचीच. पुढे ब्रायन फॉक्स यांच्या १९८९ च्या बॅश शेलने ती सर्वत्र रूढ केली.

तिची रीत साधी आहे. जेथवर पर्याय एकच, तेथवर शेल नाव पुरे करते. जेथे वाटा फुटतात तेथे थांबते, आणि कळ पुन्हा दाबल्यास सर्व पर्याय समोर मांडते. हा संयम मला मोलाचा वाटतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ दिली. जे ठाऊक आहे तेवढेच ठामपणे सांगावे, हा दोन्हीकडचा धर्म एकच. अलीकडची साधने मात्र पूर्वीच्या आज्ञांवरून किंवा भाषिक प्रतिमानांच्या साहाय्याने संभाव्य आज्ञा पुढे करतात. संभाव्य आणि विद्यमान यांतील भेद तेथे पुसट होऊ लागतो.

तथापि या संयमी साधनालाही आपली लिपी नीट वाचता येत नाही. ‘जानेवारी’ आणि ‘जून’ अशा दोन फाईली असतील, तर शेल ‘ज’ लिहून थांबते. वास्तविक या दोन्ही नावांत सुटे ‘ज’ हे अक्षर कोठेच नाही. एकात ‘जा’ आहे, दुसऱ्यात ‘जू’. यंत्र संकेतांक मोजते, आपण अक्षरे वाचतो.

रायपूरला लागून, उरला औद्योगिक क्षेत्राशेजारी असलेल्या बीरगांवचे उदाहरण घेऊ. हे नाव हिंदीत ‘बीरगांव’, ‘बीरगाँव’ आणि ‘बिरगांव’ असे लिहिले जाते. समजा, तेथील करआकारणीच्या फाईली या तिन्ही रूपांनी ठेवल्या आहेत. ‘बीर’ लिहून कळ दाबली तर शेल ‘बीरगा’पाशी थांबते, आणि निदान दोन पर्याय आहेत हे कळते. ‘बिर’ लिहिले तर मात्र ते नि:शंकपणे एकच नाव पुरे करते. उरलेल्या दोन फाईली आहेत, याची सूचनाही मिळत नाही. ज्या नागरिकाची नोंद त्या फाईलींत असेल, त्याच्या वाट्याला ‘नोंद सापडत नाही’ हे उत्तर येईल.

राज्याच्या नावाची कथा याहून विलक्षण आहे. ‘छत्तीसगढ़’मधील शेवटचे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: एकाच संकेतांकाने, किंवा ‘ढ’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. डोळ्यांना रूप एकच, यंत्राला शब्द दोन. शेल ‘छत्तीसग’पाशी थांबून हुबेहूब सारखी दिसणारी दोन नावे दाखवते, आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो.

यावर फाईलींना रोमन नावे द्यावीत, असा उपाय सुचवला जातो व बहुधा अमलातही येतो. तो मला मान्य नाही. रोमन लिपीसाठी बॅशमध्ये लहान-मोठ्या अक्षरांतील भेद पूर्तीच्या वेळी दुर्लक्षिण्याची तरतूद आहे. जी सवलत एका लिपीला मिळते, ती दुसरीने मागणे हा हट्ट नव्हे. एकाच अक्षराची दोन संकेतरूपे एक मानावीत आणि पूर्तीने पूर्ण अक्षरावरच थांबावे, एवढी मागणी रास्त आहे.

परंतु सरसकट सगळे भेद मिटवणे हाही अनर्थच होईल. हिंदीत ‘हंस’ पक्षी आहे, ‘हँस’ ही हसण्याची आज्ञा. मराठीत ‘दर्या’ समुद्र आहे आणि ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. कोणता भेद अर्थाचा आणि कोणता केवळ सवयीचा, हे प्रत्येक भाषेपुरते ठरवावे लागेल. जेथे तो निर्णय करता येत नाही, तेथे यंत्राने जवळची सर्व रूपे दाखवून माणसाला विचारावे.

अशी कोष्टके अभियंत्यांकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. ते काम भाषाविभागांचे आहे. मराठी, हिंदी आणि छत्तीसगढ़ी या तिन्ही भाषा देवनागरीत नांदतात, परंतु त्यांच्या लेखनाच्या सवयी एक नाहीत. तेव्हा तिन्ही भाषांच्या जाणकारांनी एकत्र बसून ही भेदांची यादी सिद्ध करावी आणि मुक्त प्रणाली लिहिणाऱ्यांच्या स्वाधीन करावी. एका विद्यापीठीय वर्षात आटोपेल इतपतच हे काम आहे, आणि त्यावाचून आपल्या लिपीतील नोंदी आपल्यालाच सापडेनाशा होत राहतील.